निरुपयोगी दिवसांतला विश्वास

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत साक्ष देण्याची पद्धत आहे. उपदेशाआधी कोणीतरी उठून पुढे येतो, आजारपण, कर्ज, मुलाचे व्यसन किंवा मोडत आलेले लग्न यांपैकी एखादी अडचण सांगतो, प्रार्थना कशी केली आणि प्रभूने मार्ग कसा काढला हे सांगून खाली बसतो. मंडळी ‘हालेलूया’ म्हणते आणि पेटी वाजू लागते. या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही, लहानपणापासून मी अशाच साक्षी ऐकत वाढले. पण साक्षीला एक ठरलेला शेवट लागतो आणि माझ्या बाबतीत तो शेवट आला नाही. माझी कंबर पूर्ववत झाली नाही, नोकरी परत मिळाली नाही आणि मनात उभे राहिलेले काही प्रश्न आजही जिथल्या तिथे आहेत. तरीही त्याच काळात जी शांती मला मिळाली ती खरी होती, म्हणून ती कशी मिळाली हे उभे राहून सांगण्याऐवजी लिहून काढावे असे वाटले. (सलग फार वेळ बसताही येत नाही, त्यामुळे हे लिखाण तुकड्यातुकड्यांनी झाले आहे, कुठे सांधा दिसला तर वाचकांनी समजून घ्यावे.)

मी व्यवसायाने परिचारिका. डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात माझे शिक्षण झाले आणि लग्नानंतर नवी मुंबईत आल्यावर मी एका खाजगी रुग्णालयात लागले ती थेट कंबर जाईपर्यंत. अतिदक्षता विभागातील काम म्हणजे औषधे आणि यंत्रे असे बाहेरच्या माणसाला वाटते, पण त्यातला निम्मा भाग अंगमेहनतीचा असतो. शुद्धीत नसलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, खाटेवर खाली घसरलेल्याला चादरीला धरून वर ओढावे लागते, त्याला उचलून खुर्चीत बसवावे लागते. हे दोघींनी मिळून, खाट योग्य उंचीवर घेऊन करायचे असते, आणि आम्हाला ते शिकवलेलेही असते. मात्र रात्रपाळीला दुसरी असतेच असे नाही. अशाच एका रात्री कंबरेत काहीतरी सुटल्यासारखे झाले. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी सरकली होती आणि नस दबून उजव्या पायात अंगठ्यापर्यंत कळ जात होती. रजा संपल्या. टेबलावरचे काम मिळेल का अशी विनंती मी केली, पण तशी जागा नसल्याचे सांगण्यात आले. राजीनाम्याचा कागद माझे पती देऊन आले, कारण मला जिना उतरता येत नव्हता.

इथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण नोकरी गेल्याने माझे जे झाले ते केवळ पगार बंद झाल्यामुळे झाले नव्हते. आमचे घराणे नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथे १८३१ पासून सुरू झाले आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर गावकुसाबाहेरची अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. आमचे पूर्वज त्यांपैकीच. ज्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत तिची गोष्ट माझ्या आजोबांनी आम्हाला अनेकदा सांगितली, आणि प्रत्येक वेळी ते बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायावर येऊन थांबत: देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला. ज्यांची सावलीही टाळली जात होती अशा माणसांना हे वाक्य ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना आज मुंबईच्या उपनगरात वाढलेल्या मुलांना करता येणार नाही. ती प्रतिष्ठा आमच्या घरात कोणी गृहीत धरली नाही, ती जपली. जपण्याचा मार्ग एकच होता: काम चोख करायचे, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. आजोबा शाळामास्तर झाले, आत्या परिचारिका झाली, मी तिच्या पावलावर पाऊल टाकले. देवाच्या प्रतिरूपाची किंमत हळूहळू कामाच्या चोखपणाला कधी जोडली गेली हे घरात कोणाच्या लक्षात आले नाही, आणि जोवर हातपाय चालत होते तोवर लक्षात येण्याचे कारणही नव्हते.

ऐरोलीच्या घरात पाठीवर पडून छताकडे पाहत असताना ते लक्षात आले. देव आहे की नाही, असा प्रश्न मला त्या दिवसांतही पडला नाही. तो पडला असता तर कदाचित सोपे गेले असते, कारण त्यावर वाद घालता येतो. मला वाटे की देव आहे, पण त्याच्या हिशेबात मी आता कुठेच नाही. जिच्याकडून काही होत नाही तिच्याकडे त्याने का पाहावे? संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत मी सवयीने ओठ हलवत असे. स्तोत्राचे सूर ऐकू येत, त्यातला शब्द मात्र मनापर्यंत पोहोचत नसे.

या सुमारास एका प्रार्थनागटातील काही मंडळी घरी आली. त्यांचा हेतू चांगला होता हे आजही मान्य करते. त्यांनी डोक्यावर हात ठेवून आरोग्यासाठी प्रार्थना केली, तेल लावले, आणि दुसऱ्या खेपेला काही फरक दिसला नाही तेव्हा त्यांतल्या एकीने मला हळूच विचारले, “ताई, मनात काही लपवलेले पाप आहे का? नाहीतर विश्वास तरी कमी पडत असेल.” माझा विश्वास खरोखरच कमी पडत होता, त्यामुळे उत्तर देता आले नाही, पण ती माणसे गेल्यावर मला बायबलमधील, सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे ईयोबाकडे आले तेव्हा आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि साऱ्या ग्रंथात त्यांनी केलेले चांगले काम तेवढेच आहे. बोलायला तोंड उघडल्यावर त्यांनी त्याच्या दुःखाला कारण शोधायला सुरुवात केली, आणि शेवटी परमेश्वराचा राग भडकतो तो या कारणे सांगणाऱ्यांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. हे मी शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या बायबल वर्गात, मुलांना कितीतरी वर्षे शिकवले होते. शिकवणे वेगळे आणि राखेत बसून वाचणे वेगळे.

आमचे पाळकसाहेब आले ते काही दिवसांनी, एका दुपारी, एकटेच. त्यांनी आल्या आल्या प्रार्थना केली नाही. झोप लागते का, किती वेळ, कोणत्या कुशीवर, असे त्यांनी विचारले. एखाद्या अनुभवी परिचारिकेने विचारावे तसे. मी त्यांना सरळ सांगितले की प्रार्थना होत नाही, आणि होते ती खोटी वाटते. त्यावर त्यांनी मला उपदेश केला असता तर मी निमूट ऐकले असते आणि विसरले असते. त्यांनी एक काम दिले. बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत, आणि रविवारी आपण बहुधा ती टाळून स्तुतीचीच वाचतो, असे ते म्हणाले. “रोज त्यांतले एक मोठ्याने वाचा. मग वहीत तुमची तक्रार लिहा. मात्र देवाबद्दल लिहू नका, देवालाच लिहा.” हा फरक तेव्हा मला शब्दच्छल वाटला होता.

वही घेतली आणि जन्माची सवय सुटेना. मी रुग्णाच्या नोंदीसारखे रकाने आखले. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात शून्य ते दहा यांतला वेदनेचा आकडा, तिसऱ्यात घेतलेले औषध, आणि चौथ्यात ‘तक्रार’. पहिल्या काही नोंदी आज वाचताना हसू येते, कारण त्या देवाला उद्देशून असल्या तरी पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला द्याव्यात तशा कोरड्या आहेत: “पहाटे चार. आकडा सात. रात्रभर झोप नाही. आपल्याला कळवूनही प्रतिसाद नाही.” पण ‘कळवूनही प्रतिसाद नाही’ हे वाक्य लिहून झाल्यावर मी थांबले, कारण तेराव्या स्तोत्रात दावीद वेगळे काही म्हणत नाही. सहाच वचनांचे ते स्तोत्र, आणि त्याच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा विचारलेला आहे: तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी मनाशी कोठवर झुरत राहायचे, शत्रूने कोठवर वरचढ व्हायचे. हे कोणी अविश्वासी माणूस म्हणत नाही, यरुशलेमच्या मंदिरातल्या उपासनेत हे गाइले जात होते. माझा रकाना आणि दाविदाचे स्तोत्र एकाच जातीचे आहेत हे दिसल्यावर मला पहिल्यांदा हायसे वाटले. तक्रार करणारी व्यक्ती मंडळीच्या बाहेर गेलेली नसते, तिच्यासाठी उपासनेत जागा राखलेली असते, हे मला कोणी इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते.

अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रापर्यंत पोहोचायला वेळ लागला, आणि पोहोचले तेव्हा मी पान उलटून पुढे काही आहे का ते पाहिले. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी वळण घेतात. कवी आधी रडतो, मग ‘तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन’ असे म्हणतो. अठ्ठ्याऐंशीवे असे वळत नाही. आप्तमित्र दुरावले आहेत आणि सोबतीला अंधार उरला आहे, एवढे सांगून ते संपते. साक्षीच्या आमच्या पद्धतीत हे स्तोत्र उभ्या जन्मात बसले नसते. मात्र त्याची सुरुवात पाहिली की ज्याच्याविरुद्ध सारी तक्रार आहे त्यालाच कवी ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी हाक मारतो आणि रात्रंदिवस मारतो. देवालाच लिहा, असे पाळकसाहेब का म्हणाले होते ते मला इथे उमगले. बोलणे चालू होते तोवर नाते तुटलेले नव्हते.

या महिन्यांत माझी एक जुनी सहकारी बराच आधार होती. ती ठाण्याची, ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे भागातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली), कॅथलिक. आमची चर्चे वेगळी, पण रात्रपाळ्यांनी ती भिंत केव्हाच पाडली होती. मला रिक्षात बसवण्याइतके बरे वाटू लागल्यावर ती एकदा मला ठाण्यात घेऊन गेली आणि मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये आम्ही दुपारी जाऊन बसलो. बाहेर तलावपाळीचा सारा गोंगाट होता, आत मोजकी माणसे होती. आम्हा प्रॉटेस्टंट लोकांना उपासना नसताना चर्चमध्ये नुसते बसायची सवय नसते. तिथे कोणाला माझ्याकडून काही अपेक्षित नव्हते, गाणेही नाही आणि साक्षही नाही, आणि ते मला औषधासारखे लागू पडले.

तिथून परतताना तिने मला ठाण्याच्या हुतात्म्यांची गोष्ट सांगितली. एप्रिल १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार धर्मबंधू, तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस, ठाण्यात श्रद्धेपायी मारले गेले. पोर्तुगीज इथे येण्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीची ही घटना. मी ती भक्तिभावाने ऐकली, पण खरे सांगायचे तर तिने मला आणखीच लहान करून टाकले. ज्यांनी प्राण दिले त्यांच्यापुढे कंबरदुखीने विश्वास डळमळलेली बाई कोण? मग तिने पाचव्या माणसाबद्दल सांगितले. जॉर्डनस नावाचा, डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाचा एक धर्मगुरू त्यांच्याबरोबर आला होता, तो त्या दिवशी ठाण्यात नव्हता, गुजरातकडे गेला होता. परत आल्यावर त्याने सोबत्यांचे मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे त्याने पश्चिमेकडील आपल्या धर्मबंधूंना लिहिलेल्या पत्रांत आपण एकटे पडलो आहोत, आजाराने आणि छळाने गांजलो आहोत, सोबत्यांना सोडून गेलो ती घटका किती वाईट होती, असे आक्रंदन आहे. त्याला हुतात्म्याचा मान मिळाला नाही; तो मागे राहिला, रडला, काम करत राहिला आणि १३२९ साली केरळातल्या कोल्लमचा बिशप झाला. आमच्या खाडीच्या काठी सातशे वर्षांपूर्वी कोणीतरी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र असे जगले होते. ठाणे स्टेशनजवळच्या त्या गर्दीतून जाताना मला चौघांपेक्षा तो पाचवा जवळचा वाटला, आणि अजूनही वाटतो.

मैत्रिणीने मदर तेरेसांचेही उदाहरण दिले होते. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली आणि कित्येक वर्षे त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती हे जगाला कळले. पुष्कळांना याने धीर येतो. मला तेवढा आला नाही, कारण त्या अंधारातही त्यांचे हात चालत होते. माझा प्रश्न नेमका हातांचाच होता.

त्या प्रश्नाला धक्का बसला तो आमच्या जवळच्या नाक्यावर. फिजिओथेरपिस्टने सकाळी सपाट रस्त्यावर हळूहळू चालायला सांगितले होते आणि त्या वाटेवर मजुरांचा नाका लागे. नवी मुंबईत राहणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. सकाळी आठपासून माणसे रस्त्याच्या कडेला उभी असतात, कोणाच्या हातात थापी, कोणाकडे रंगाचे ब्रश बांधलेला डबा, बायकांजवळ घमेली. बरेचसे जालना, नांदेड, परभणीकडचे. मोटारसायकलवर ठेकेदार आला की सगळे त्याच्याभोवती जमतात, भाव ठरतो, दोघेतिघे मागे बसून किंवा टेम्पोत चढून जातात. आधी तरणे गडी जातात. दहा वाजल्यानंतर जे उरलेले दिसतात त्यांत वयस्क पुरुष आणि कडेवर मूल असलेल्या बाया जास्त. मी वर्षानुवर्षे त्या नाक्यावरून रिक्षाने गेले होते, पण थांबून श्वास घ्यावा लागू लागल्यावर मला ती माणसे एकेक करून दिसू लागली. विजेच्या खांबाशी बसलेल्या एका बाईशी ओळख झाली. एकदा अकरा वाजत आले होते, ती तशीच बसून होती. आज काम लागले नाही का, असे मी विचारले. “न्हाई लागलं ताई. थांबते बारापस्तोर. खोलीवर जाऊन तरी काय करू?”

घरी येऊन मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडला. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर आणायला बाजारात जातो, पुन्हा नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी दिवस संपायला एकच तास उरला असताना पाच वाजता जातो. तेव्हा उभे असलेल्यांना तो विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का राहिलात, आणि ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. संध्याकाळी सर्वांना सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. येशूने सांगितलेला हा दाखला, म्हणजे ही बोधकथा, मला कधीच आवडला नव्हता. बारा बारा तासांच्या पाळ्या केलेल्या बाईला पहाटेच्या मजुरांची कुरकुर अगदी रास्त वाटते, आणि मी नेहमी त्यांच्या बाजूने वाचत आले होते. त्या दिवशी वाचताना मी पाच वाजताच्या रांगेत उभी होते. त्यांनी काहीही चुकवलेले नाही. ते आळशी नाहीत, उशिरा उठलेले नाहीत. त्यांना कोणी नेले नाही, एवढेच. धनी त्यांना तासाची मजुरी देता तर ती हिशेबाला धरून झाली असती, पण तेवढ्यात त्यांच्या घरी त्या रात्री चूल पेटली नसती. तो त्यांना त्यांच्या एका तासाच्या कामाची किंमत देत नाही, जगायला जेवढे लागते तेवढे देतो.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला आली. त्या धन्याच्या पदरी कारभारी आहे, संध्याकाळी मजुरी वाटण्याचे काम तो त्यालाच सांगतो. मजूर शोधायला मात्र पाचही वेळा तो स्वतः बाजारात जातो. उरलेल्या माणसांकडे परत परत जाणारा धनी, असे देवाचे चित्र येशूने रंगवले आहे, आणि मी मात्र त्याने मला हिशेबातून वगळले असे धरून चालले होते.

हे मी रात्री माझ्या पतींना सांगितले. ते तुर्भ्याच्या बाजार समितीत एका गाळ्यावर हिशेबनीस आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “दुसऱ्या दिवशी सगळे पाच वाजताच येणार बघ.” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे आणि त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

एवढे झाले तरी समजणे डोक्यापुरतेच राहिले होते. ते अंगात उतरवले माझ्या सासूबाईंनी, आणि त्यांनी तो दाखला वाचला नव्हता, कारण त्यांना वाचता येत नाही. मला खाली वाकता येत नसे, त्यामुळे पायाची नखे वाढली होती आणि त्यांतले एक मांसात रुतू लागले होते. पतींना सांगायचे मी टाळत होते. एका दुपारी सासूबाई प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या. मी पाय मागे ओढले. आपल्याकडे थोरांनी धाकट्यांच्या पायांना हात लावायचा नसतो, आणि सुनेच्या पायांना तर नाहीच नाही. त्यातून मी परिचारिका. माझ्या हाताने मी किती अनोळखी माणसांची नखे कापली असतील याची गणती नाही.

“आई, नका. हे आल्यावर मी त्यांना सांगते.”

“त्यो येनार रातच्याला धा वाजता. तवर अशीच बसती का? टाक पाय पान्यात.”

“मला कसेतरी वाटते हो.”

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. “इतक्या लोकांचं हागनंमुतनं काढलंस तू. तवा ती मान्सं तुला हलकी वाटली व्हती का?”

वाटली नव्हती. एकदाही नाही. ज्याला स्वतःचा घास तोंडात घालता येत नाही असा माणूस माझ्या हातांखाली असताना त्याची किंमत कमी झाली असे मला कधी वाटले नव्हते, कोणी तसे वागवले तर मी भांडले होते. मग तीच मोजपट्टी स्वतःला लावताना मी काय करत होते? त्यांनी माझे पाय पाण्यात भिजवले, टाचा घासल्या, आणि नेलकटर उलटसुलट करून पाहत ‘ह्याच्यापरीस ब्लेड बरं’ असे पुटपुटत एकेक नख कापले. जन्मभर त्यांनी ब्लेडनेच नखे कापली होती; रुतलेल्या नखाला ब्लेड लावू नये हे पटवताना माझी पुरेवाट झाली. मी रडत होते आणि नख कसे आडवे, सरळ कापायचे हे सांगतही होते.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा पेत्र असाच पाय मागे घेतो. गुरूने शिष्याच्या पायांशी बसणे त्याला सहन होत नाही. त्याला उत्तर मिळते की मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. या प्रसंगावरचे जितके उपदेश मी ऐकले ते सगळे इतरांचे पाय धुण्याविषयी होते, आणि येशूने पुढे तशी आज्ञा दिलेली आहेच. पण आधी पाय पुढे करायचा आहे. पेत्राला जे आधी करावे लागले, ते सेवा करून मोठ्या झालेल्या आम्हा माणसांना सर्वांत जड जाते, असे माझे मत झाले आहे. घेणे म्हणजे कमी होणे, ही समजूत मी विश्वास म्हणून बाळगत होते. ती गेली आणि तिच्याबरोबर माझ्या शंकेचा मोठा भाग गेला.

त्यानंतर जी शांती आली ती कशी होती हे सांगायचे तर, ती आकड्यात दिसत नव्हती. वहीतला वेदनेचा आकडा चारावरून सातावर जातच राहिला. फरक चौथ्या रकान्यात होता. तक्रारी लांब झाल्या, मोकळ्या झाल्या, मध्येच त्यांत सासूबाईंच्या टबाबद्दल किंवा नाक्यावरच्या बाईला काम लागल्याबद्दल एखादी ओळ येऊ लागली. संध्याकाळच्या प्रार्थनेत ओठ हलवणे मी बंद केले. बोलावेसे वाटले तर बोलू लागले, नाहीतर गप्प बसू लागले. दरम्यान डॉक्टरांच्या सल्ल्याने नैराश्यासाठीच्या गोळ्याही काही काळ घेतल्या, हे मुद्दाम नमूद करते, कारण मंडळीत याविषयी कुजबुज होते. मिशनऱ्यांनी आपल्याकडे चर्च आणि दवाखाना शेजारी शेजारी बांधले, ते उगीच नव्हे.

आज मी आठवड्यातून काही तास, घरी रुग्णांची काळजी घेणाऱ्या मुलींना शिकवते: खाटेवरच्या माणसाला कंबर सांभाळून कसे वळवायचे, हा माझा पहिला धडा असतो. मिळकत पूर्वीच्या पगाराच्या जवळपासही नाही. देवाने ती रात्रपाळी का घडू दिली, या प्रश्नाचे उत्तर मला मिळालेले नाही आणि ज्यांना ते ठाऊक आहे असे वाटते त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

बुधवारी दुपारी आमच्या घरी पाचसात जणी जमतात. त्यांत एकीचा मुलगा गेला आहे, एकीचे डायलिसिस चालू आहे, एक नुसतीच सोबतीला येते. आम्ही क्रमाने विलापाची स्तोत्रे वाचतो, वाचून झाल्यावर ज्यांना लिहायचे त्या लिहितात, आणि कोणी कोणाला कारण सांगायचे नाही एवढा एकच नियम आहे. पुढच्या बुधवारी अठ्ठ्याऐंशीवे आहे. ते सोडून पुढच्यावर जावे असे दोघींचे म्हणणे आहे, जिचा मुलगा गेला तिने अजून काही सांगितलेले नाही. वाचावे असे मला वाटते, पण तिला विचारूनच ठरवू.